एमटीबीची (माउंटन बाइकची) चेन: धुणं, पुसणं, वंगण (नाशिकची धूळ आणि पावसाळा धरून)

मुरूमवाट
नमस्कार मंडळी. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) आहे, पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे ११ गिअर. फिरणं गंगापूर धरणामागचे कच्चे रस्ते, पांडवलेणीच्या पाठीमागची बाजू, अधूनमधून अंजनेरी. चेनला ऑइल घातलं की एक-दोन राइड झकास जातात, मग काळा राडा जमतो आणि चढाला खरखर सुरू होते. पुन्हा ऑइल घातलं की आवाज थांबतो, पण राडा वाढतो.
विचारायचं आहे ते असं. चेन काढून धुवायची की सायकलवरच? रॉकेल आता सहज मिळत नाही, त्याऐवजी काय वापरता? मोटरसायकलचा चेन स्प्रे किंवा ९० नंबर गिअर ऑइल चालतं का? आणि चेन संपली हे कसं ओळखायचं? सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

सातपूर_फिटर
आधी खरखर येते कुठून ते पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

चेनच्या प्रत्येक सांध्यात बाहेरच्या दोन प्लेट, आतल्या दोन प्लेट, एक पिन आणि एक रोलर असतो. आतल्या प्लेटच्या भोकाला आतल्या बाजूने छोटी उभी कड काढलेली असते. रोलर त्या कडेवर बाहेरून फिरतो आणि पिन कडेच्या आत. चेन कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढताना आणि उतरताना पिन त्या भोकात थोडी वळते, तीही पायाचा सगळा जोर अंगावर घेऊन. झीज होते ती इथे. वंगण लागतं तेही इथेच, आणि रोलरच्या पोटात. प्लेटच्या बाहेरच्या अंगाला वंगणाचं काही काम नाही. गंज येऊ नये एवढा पुसट हात पुरतो. तिथे राहिलेलं ओलं ऑइल धूळ धरून ठेवतं, बस.

आता आपली धूळ. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्याच्या भुकटीत फेल्डस्पार असतं, कुठे कुठे गारेचे कणही सापडतात. ही भुकटी ऑइलमध्ये मिसळली की इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना लावतात तसली लॅपिंग पेस्ट तयार होते. वरून ताजं ऑइल घातलं की ते पातळ होऊन पिनेपर्यंत पोचतं, आणि कचरा सोबत घेऊन जातं. आवाज थांबतो तो त्यामुळे. झीज मात्र त्याच क्षणापासून जोरात सुरू होते. तेव्हा राडा असलेल्या चेनवर ऑइल घालायचं नाही. आधी पुसा, मग घाला, मग पुन्हा पुसा.

९० नंबर गिअर ऑइल मोटरसायकलसाठी ठीक. आपल्या चेनमध्ये ते इतकं जाड पडतं की बरंचसं बाहेरच राहतं. मोटरसायकलचा स्प्रे मुद्दाम चिकट केलेला असतो, वेगात उडून जाऊ नये म्हणून. मुरमाच्या वाटेवर हा चिकटपणाच नडतो. शिवाय स्प्रेचा फवारा मागच्या ब्रेकच्या डिस्कवर जातो, ते वेगळं दुखणं. ग्रीस तर अजिबात नको, बोटाने लावलेलं ग्रीस पिनेपर्यंत पोचतच नाही.

पंचवटीकर
घरातल्या तेलांचं काय? शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गाडीचं काढलेलं इंजिन ऑइल, सगळ्यांचे सल्ले ऐकू येतात.

सातपूर_फिटर
शिलाई मशीनचं तेल स्वच्छ असतं आणि पिनेपर्यंत छान उतरतं, पण फार पातळ. कोरड्या दिवसांत एखादी छोटी राइड निभते, पाण्याच्या एका ओहोळात धुऊन जातं. अडीनडीला चालेल.
खोबरेल, शेंगदाणा, तीळ, कुठलंच खाद्यतेल नको. हवेने ते हळूहळू चिकट होतं, खिडकीच्या बिजागरीत साचतं तसं. खोबरेल तर आपल्याकडच्या थंडीत गोठतं.
काढलेलं इंजिन ऑइल कधीही नको. त्यात काजळी आणि इंजिनाच्या झिजेची बारीक धातूची भुकटी असते. तीच चेनमध्ये घालायची म्हणजे झीज विकत घेणं झालं.
डब्ल्यूडी-४० बद्दलही कोणी विचारेलच, म्हणून सांगतो. निळ्या-पिवळ्या डब्यातलं मूळ डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंज सोडवायला बनवलेलं आहे. नावातच ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ आहे. पाऊस लागलेल्या चेनमधलं पाणी काढायला जरूर मारा, पण त्याच्या भरवशावर राइडला जाऊ नका. मागे उरणारा थर अगदी पातळ असतो. त्याच कंपनीचं सायकलच्या चेनसाठीचं वंगण वेगळं येतं, ते वेगळ्या डब्यात.

गिरणारे_पेडल
पद्धत लिहितो. दोन वेगवेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं काम प्रत्येक धुळीच्या राइडनंतरचं, पाच मिनिटांचं, चेन न काढता. जुन्या सुती बनियनचा तळहाताएवढा तुकडा घ्या. खालच्या बाजूची चेन कापडात मुठीने धरा आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवा. कापडावर काळे पट्टे उमटतील. जागा बदलून पुन्हा. पट्टा काळ्याचा करडा झाला की थांबा. पूर्ण पांढरा व्हायची वाट पाहू नका, तो होत नाही. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे दोरे रोलरपाशी आणि डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या भागाच्या) छोट्या चक्र्यांत अडकतात.
मग त्या दोन छोट्या चक्र्या, म्हणजे जॉकी व्हील. त्यांच्या दातांवर काळा, दाबून बसलेला थर असतो. बांबूची काडी किंवा आइस्क्रीमची चपटी काडी त्यावर टेकवा आणि पेडल उलटं फिरवा, साल निघावी तसा तो गळतो. हे राहून गेलं तर पुसलेली चेन दहा फेऱ्यांत पुन्हा काळी होते. कॅसेटच्या चकत्यांमध्ये कापडाची कडा घालून मागेपुढे ओढा, बूट पॉलिश करतात तसं.

आता ऑइल. चेनचा एक ठरावीक सांधा खूण म्हणून धरा, क्विक लिंक (चेन न तोडता उघडता येणारा सांधा) असेल तर तोच. चेनच्या खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे चेनरिंगच्या दातांना टेकणाऱ्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. प्लेटवर नाही, रोलरवर. नीट पाहिलंत तर थेंब रोलरवर क्षणभर फुगीर बसतो आणि मग दोन्ही बाजूंच्या फटींत ओढला जातो. तसा ओढला जात नसेल तर एक तर चेन अजून घाण आहे, नाहीतर वंगण जाड आहे. ११६ लिंकची चेन म्हणजे ११६ थेंब, साधारण ६ मिली. बाटलीतून धार सोडली तर याच्या तिप्पट जातं आणि फायदा शून्य.
मग पेडल ३०-४० वेळा उलटं फिरवा, दोन-तीन गिअर बदलून घ्या आणि ठेवून द्या. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. ड्राय वंगण (वाळून कोरडा थर ठेवणारं) असेल तर त्यातला पातळ द्रव उडून जायला काही तास लागतात, त्यामुळे आदल्या रात्री लावलेलं उत्तम. निघण्याआधी बाहेरून कोरड्या कापडाने पुसा. बोट लावल्यावर नुसता डाग पडावा, ओलं लागू नये.

दुसरं काम, चेन काढून धुणं, हे वारंवार करायचं नसतं. रोजचं पुसणं सांभाळलंत तर कोरड्या दिवसांत महिन्या-दीड महिन्यातून पुरतं. चेन हातात घेऊन कानाजवळ हळूच वाकडी करा. आतून बारीक वाळू चुरचुरली तर धुवायची वेळ झाली.

अंजनेरी_वळण
धुण्याच्या द्रावणाबद्दल मी लिहिते, कारण इथेच जास्त नुकसान होतं.

रॉकेलला सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन. जुनी तेलं आणि ग्रीस दोन्ही काढतं, पेट्रोलइतकं भडक नाही. तरी हवेशीर जागा, नायट्राइलचे हातमोजे आणि जवळपास गॅस-उदबत्ती नाही, एवढं पाळायचंच.
डिझेलने घाण निघते, पण ते मागे तेलकट थर ठेवतं. त्यावर नवं वंगण नीट बसत नाही.
पेट्रोल नको. त्याची वाफ थंडीतही पेट घेते आणि जमिनीलगत पसरत जाते. थिनरही नको, जॉकी व्हीलच्या प्लास्टिकला आणि रंगाला लागला की संपलं.
गंज काढायचं ॲसिड, बाथरूम क्लीनर, कॉस्टिक यांना चेनच्या आसपास फिरकू देऊ नका. कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि प्लेट ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही, चढावर जोर लावल्यावर तडकते. शिमानो या चेन-गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनापत्रकात ॲसिड आणि अल्कली दोन्ही प्रकारचे क्लीनर स्पष्ट मना केलेले आहेत.

कृती: रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची एक लिटरची बरणी. चेन आत, वर २०० मिली टर्पेंटाइन. दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. द्रावण दुसऱ्या बरणीत ओता. नवीन २०० मिली घेऊन पुन्हा तेच. दुसऱ्या वेळचं द्रावण चहाच्या रंगाचं असेल तर पुरे, कॉफीसारखं असेल तर तिसरा हात. रात्रभर भिजत घालून उपयोग नाही, कचरा हलवण्याने निघतो.
मग एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, टूथब्रशने दोन्ही बाजूंनी घासा, दोनदा स्वच्छ पाण्यात काढा. लगेच जोरात झटका, कापडात गुंडाळून दाबा आणि उन्हात लटकवा. आपल्याकडच्या उन्हात अर्धा तास खूप झाला. पावसाळी हवेत हेअर ड्रायर किंवा शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. ओली चेन रात्रभर ठेवली तर सकाळी नारिंगी झालेली दिसेल.

वापरलेलं द्रावण मोरीत किंवा गटारात ओतू नका. ते नाल्यातून गोदावरीतच जातं. बरणी तीन-चार दिवस हलवू नका, काळा गाळ तळाला बसतो. वरचं निवळ द्रावण हळूच वेगळं काढून पुढच्या वेळी पहिल्या हाताला वापरा. गाळ जुन्या कापडात टिपून घट्ट पिशवीत बांधा आणि घंटागाडीत वेगळा द्या.

पंचवटीकर
माझी जुनी ३×८ (पुढे तीन, मागे आठ चकत्या) आहे. चेनला क्विक लिंक नाही, सगळ्या पिना सारख्याच दिसतात. कापायची कशी? आणि ज्यांना आहे त्यांनी दर वेळी उघडली तर ढिली होत नाही का?

गिरणारे_पेडल
आठ गिअरच्या चेनमधली पिन चेन ब्रेकरने (पिन ढकलायच्या हत्याराने) पूर्ण बाहेर न काढता ढकलून पुन्हा दाबता येते, असं खूप जण करतात. पण त्या जागी प्लेटची पकड कमी होते. त्यापेक्षा एकदाच तोडा आणि आठ गिअरची क्विक लिंक बसवून टाका, स्वस्तात मिळते. लिंक गिअरच्या संख्येप्रमाणेच घ्या, ९ची ८वर चालत नाही. शिमानोच्या चेनला जोडपिन लागत असेल तर जुनी पिन परत वापरायची नाही, दर वेळी नवी.
८ आणि ९ गिअरच्या बहुतेक क्विक लिंक पुन्हा वापरता येतात. १०, ११ आणि १२च्या लिंकवर शिमानो आणि स्रॅम या दोन्ही कंपन्यांच्या सूचना एकदाच वापरण्याच्या आहेत. सराव म्हणाल तर बरेच जण तीच लिंक काही वेळा लावतात. माझं मत असं: बंद करताना ‘टक’ असा ठसका ऐकू आला नाही, किंवा बोटांनीच उघडू लागली, तर ती टाकायची. सोबत एक सुटी लिंक सॅडल बॅगेत असलीच पाहिजे.

काढताना मागचा गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर घ्या. डिरेलरला क्लच (पिंजरा, म्हणजे जॉकी व्हील धरणारा हात, घट्ट ठेवणारी यंत्रणा) असेल तर तो बंद करा किंवा पिंजऱ्याचं लॉक लावा, म्हणजे चेनवर ताण राहत नाही. क्विक लिंकची पक्कड असेल तर सोपं. नसेल तर बुटाची नाडी लिंकच्या दोन्ही रोलरमागून आडवी घालून गाठ मारून ओढा, सुटते.
काढण्याआधी चेन डिरेलरमधून कशी गेली आहे त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. पिंजऱ्यात मधोमध एक पत्र्याची जीभ असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूने घातली तर सायकल चालते, पण सतत घासल्याचा आवाज येतो आणि लोक त्याचा दोष वंगणाला देतात.
लावताना अक्षरं लिहिलेली बाजू बाहेर, लिंकवर बाण असेल तर तो चेन जाते त्या दिशेला. जोडलेली लिंक वरच्या पट्ट्यात आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पेडलवर वजन द्या. ‘टक’ झालं की बसली.

दिंडोरी_द्राक्ष
तुम्ही सगळे मुरमाचं लिहिताय. आमच्याकडे काळी माती. बागांमधून ट्रॅक्टर गेलेल्या वाटेवर पहिल्या पावसानंतर चाकच फिरत नाही, चेनचं काय घेऊन बसलात. वाळली की सिमेंट होते. त्यावर काय करायचं?

सातपूर_फिटर
काळ्या मातीत चिकणमाती जास्त. ती ओली असेपर्यंतच जाते. घरी पोचताच, वाळायच्या आत, झारीने किंवा बादलीतल्या मगाने वरून पाणी सोडा. नळीला बोट लावून जोरात फवारा नको. वाळली असेल तर खरवडू नका, आधी ओलं कापड गुंडाळून पंधरा मिनिटं भिजू द्या.
वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाखाली एमटीबी धरू नका, कितीही चिखल असो. ते पाणी हबचे, फ्री-हबचे (कॅसेट बसते त्या भागाचे) आणि पेडलखालच्या बॉटम ब्रॅकेटचे सील ओलांडून आत जातं आणि सोबत बारीक माती नेतं. चेन बदलता येते, हबची बेअरिंग गेली की खर्च वेगळा. काही ठिकाणी धुतल्यावर डिझेलही मारतात. डिस्क ब्रेकच्या सायकलवर ते कोणालाही मारू देऊ नका.

पुढे दोन-तीन चेनरिंग असलेल्यांना चिखलात आणखी एक त्रास होतो. चेन खालून चेनरिंग सोडतच नाही, वर ओढली जाते आणि फ्रेममध्ये अडकते. त्या वेळी पेडल जोरात मारू नका. थांबा, अर्धा फेरा उलटा फिरवा, चिखल काढा. वारंवार होत असेल तर छोट्या चेनरिंगचे दात पाहा. दाताची पुढची बाजू आकड्यासारखी वळली असेल तर ती बदला, तिथे ऑइल काही करू शकत नाही.

अंजनेरी_वळण
पावसाळ्यासाठी दोन शब्द. शहरापेक्षा त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरीकडे पाऊस कितीतरी जास्त, तेव्हा शहरातल्या अंदाजाने वंगण निवडू नका. जून ते सप्टेंबर तिकडे जायचं असेल तर वेट वंगण (पाण्यात टिकणारं, ओलसर राहणारं) घ्या. ते काळं होणार हे गृहीत धरा आणि प्रत्येक राइडनंतर पुसा. ऑक्टोबरात पाऊस सरला की चेन काढून धुवा आणि ड्राय वंगणावर या. वेट वंगण तसंच ठेवून नोव्हेंबरची धूळ खाल्ली तर मुरूमवाट म्हणतात तोच राडा होतो. मला वाटतं तुमच्याकडे तेच झालंय, बाटलीवर काय लिहिलंय ते पाहून सांगा.
थंडीतल्या पहाटे दव पडतं, तेव्हा गवतातून गेल्यावरही चेन ओली होते. घरी आल्यावर ती पुसायला विसरू नका.

मुरूमवाट
बरोबर ओळखलंत, वेट आहे. आता मेणाचं सांगा. गरम पॅराफिनमध्ये चेन बुडवतात म्हणे.

अंजनेरी_वळण
हो, आणि आपल्या कोरड्या आठ महिन्यांसाठी मला तरी हाच उत्तम प्रकार वाटतो. मेण पिनेभोवती घट्ट होतं, बाहेर कोरडं राहतं, धूळ चिकटत नाही. पण तयारी पूर्ण हवी, अर्धवट केलं तर ऑइलपेक्षा वाईट.

चेन नवी असली तरी आधी फॅक्टरीचं ग्रीस पूर्ण काढावं लागतं, नाहीतर मेण धरत नाही. वर लिहिलेलं टर्पेंटाइनचं दोन-तीन वेळा करा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकदा. अल्कोहोल जवळजवळ स्वच्छ बाहेर आलं पाहिजे.
मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानातून ५०० ग्रॅम साधं पॅराफिन घ्या, रंग-वास नसलेलं. ते स्टीलच्या डब्यात आणि डबा पाण्याच्या पातेल्यात. डबा थेट आचेवर कधीही ठेवू नका. पाण्यात ठेवला तर मेण शंभर अंशांच्या वर जात नाही. थेट आचेवर तापलेलं मेण तेलासारखं पेट घेतं, आणि त्यावर पाणी ओतलं तर भडका उडतो. डब्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका.
मेण पूर्ण पातळ झालं की कोरडी चेन तारेच्या आकड्याला अडकवून आत सोडा आणि दहा मिनिटं अधूनमधून हलवत राहा. सुरुवातीला सांध्यांतून बुडबुडे येतात, ती आतली हवा. बुडबुडे थांबले की मेण आत पोचलं. मग गॅस बंद करा आणि लगेच काढू नका. मेण थंड होत कडेला पांढुरकी साय धरू लागली की काढा. कडकडीत असताना काढलं तर बरंचसं निथळून जातं.
लटकवून गार होऊ द्या. चेन काठीसारखी ताठ होते. ती गोल पाइपवरून दोन्ही दिशांना वाकवून एकेक सांधा मोकळा करा आणि मगच बसवा, नाहीतर पहिल्या काही किलोमीटरमध्ये गिअर उड्या मारतात.
धुळीत साधारण ३०० किमीपर्यंत चालतं. कोरडा किणकिण आवाज आला की पुन्हा बुडवा. पुढच्या वेळी टर्पेंटाइन लागत नाही, उकळत्या पाण्यात बुडवून जुनं मेण काढा, पूर्ण वाळवा आणि मेणात सोडा.

सातपूर_फिटर
सगळं मान्य, फक्त पावसाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. मेणाच्या चेनला एक भरपूर ओली राइड झाली की गंजाची सुरुवात रात्रीतच होते, कारण प्लेटवर तेलाचा थर नसतो. ज्यांना रोज संध्याकाळी चेन काढणं जमणार नाही त्यांनी पावसाळ्यात मेणाच्या नादी लागू नये.

अंजनेरी_वळण
बरोबर, मी कोरडे आठ महिने म्हणाले ते याचसाठी. ज्यांना गॅस-पातेल्याचा खटाटोप नको त्यांच्यासाठी बाटलीतलं मेणाचं द्रावण मिळतं. चेन तितकीच स्वच्छ लागते आणि रात्रभर वाळू द्यावं लागतं. घाईत लावून लगेच निघालात तर ते ओलं असताना धूळ धरतं आणि सगळा हेतू वाया जातो.

पंचवटीकर
ब्रेकबद्दल वर ओझरतं आलं. चेनच्या कामात डिस्कला तेल लागलं तर?

गिरणारे_पेडल
रोटरला (ब्रेकच्या डिस्कला) बोटाचा तेलकट डाग लागला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने निघतो. पॅडमध्ये तेल मुरलं तर मात्र बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात. ब्रेक किंचाळू लागतो आणि पकड जाते, उतारावर हे धोक्याचं आहे. म्हणून स्प्रे नको, थेंबाची बाटली. टूथब्रश मागच्या चाकाकडे झटकू नका. चेन सायकलवर घासायची असेल तर चाक काढून फ्रेममध्ये डमी हब (चाकाच्या जागी चेन धरणारी चक्री) लावा, किंवा रोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा.

मुरूमवाट
सगळं केलं. फरक लगेच जाणवला. आता शेवटचा प्रश्न राहिला, चेन किती झिजली ते मोजायचं कसं?

सातपूर_फिटर
लोक ‘चेन ताणली’ म्हणतात. प्लेट ताणत नाही, पिना आणि भोकं झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ढील मिळून लांबी वाढते.
नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिमी. म्हणजे २४ सांध्यांचे बरोबर १२ इंच. चेन सायकलवरच ठेवा, पेडलवर थोडा दाब देऊन वरचा पट्टा ताठ करा. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, पट्टीची टोकाची कडा नको. त्यापुढची २४वी पिन १२ इंचांवर असेल तर चेन नवी. १/१६ इंच पुढे असेल तर साधारण ०.५ टक्के झीज, १/८ पुढे असेल तर १ टक्का.
११ आणि १२ गिअरवाल्यांनी ०.५ला बदलावी. ८ ते १० गिअरवाल्यांनी ०.७५पर्यंत थांबायला हरकत नाही. १ टक्का झाला की कॅसेटही बहुधा सोबत जाते, आणि कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग.
बाजारातला साधा दोन टोकांचा गेज रोलरची ढीलही मोजतो, त्यामुळे झीज आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. तीन ठिकाणी टेकणारा गेज अधिक खरा.

मुरूमवाट
पट्टीने मोजली. १/१६च्या किंचित पुढे आहे. नवीन चेन घ्यायची तर जुन्या कॅसेटवर घसरेल का? आणि लांबी किती ठेवू?

सातपूर_फिटर
किंचितच पुढे असेल तर कॅसेट वाचली असण्याची शक्यता खूप. नवी चेन लावून तुम्ही जास्त वापरता त्या दोन-तीन चकत्यांवर, सपाट रिकाम्या रस्त्यावर बसून, हळूहळू जोर वाढवा. पहिल्यांदाच उभं राहून जोर लावू नका, घसरली तर गुडघा हँडलवर आपटतो. घसरत असेल तर त्या चकत्या झिजल्या. वंगण बदलून किंवा गिअरची केबल फिरवून ते सुटणार नाही.

लांबी जुन्या चेनवरून घ्यायची तर दोन्ही चेन शेजारी लटकवून नुसती टोकं जुळवू नका. जुनी झिजून लांबलेली आहे, ११६ लिंकांवर ०.५ टक्के म्हणजे ७ मिमीच्या पुढे. लिंक मोजा, तेवढ्याच ठेवा. जुनी हाताशी नसेल तर चेन डिरेलरमधून न नेता सगळ्यात मोठी चकती आणि चेनरिंग यांच्यावरून गुंडाळा. टोकं जिथे जुळतील त्यापुढे किती लिंक वाढवायच्या ते तुमच्या डिरेलरच्या सूचनापत्रकात दिलेलं असतं, कंपनीप्रमाणे ते बदलतं. मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबलेल्या स्थितीत मोजायचं, तुमची हार्डटेल आहे म्हणून तो प्रश्न नाही. एका टोकाला आतली प्लेट असेल तर दुसऱ्या टोकालाही आतलीच हवी, मग क्विक लिंक बसते. कापण्याआधी दोनदा मोजा.

गिरणारे_पेडल
एक भर. नव्या चेनवरचं फॅक्टरीचं ग्रीस, मेण लावणार नसाल तर, आतून धुऊन काढू नका. ते पिनेपर्यंत पोचलेलं असतं आणि सुरुवातीला चांगलं काम देतं. फक्त बाहेरचा चिकटपणा टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापडाने पुसा, कापड पिळून घ्या म्हणजे द्रावण आत उतरणार नाही. पहिलं वंगण ते ग्रीस आवाज करू लागल्यावर.